काळ्या मातीवरची स्लायडिंग गेट मोटर: मे आणि ऑगस्ट दोन्ही पाहिल्यावरचा हिशेब

स्पेक सगळ्यांना तोंडपाठ आहेत. ६०० किलोपर्यंतचं गेट, २४ व्होल्ट डीसी, मॉड्यूल ४ चा पिनियन (मोटरचं दातेरी चाक; मॉड्यूल म्हणजे दातांचं माप), १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या, रोलिंग कोडचे (दर वेळी कोड बदलणारे) दोन रिमोट. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक मोटरी एकाच पद्धतीने बसवल्या जातात आणि परभणी-नांदेडकडच्या खोल काळीत एकाच पद्धतीने बंद पडतात. गेट १२ फुटी, एमएसचं (साध्या लोखंडाचं), अंदाजे ३०० किलोचं. म्हणजे क्षमतेच्या निम्मं. तरीही पहिल्या पावसाळ्यात अर्ध्यावर जाऊन परत फिरायला लागलं.

आधीच्या रिव्ह्यूत, जुलैत, मोटरला दोन तारे दिले होते. आता चार करतोय. बसवणाऱ्यांचा मात्र एकच, तोही फोन उचलतात म्हणून.

मुद्दा एकच आहे आणि तो सगळ्यांना कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: रॅक (गेटला खाली लावलेली दातेरी पट्टी) आणि पिनियनमधली फट. ती १ ते २ मिमी हवी. मॅन्युअलमध्ये असते, बसवताना मोजतात, फोटो काढतात आणि नंतर कुणी ढुंकून बघत नाही. मुरमावर बसवलेल्या गेटला ती वर्षानुवर्षं तशीच राहते. कोकणात जांभ्यावरही राहते, तिथे गंज आधी खातो तो भाग वेगळा. काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते, आणि सगळीकडे सारखी हलत नाही.

आता गेटची रचना बघा. ट्रॅकखाली लांब, जड काँक्रीटचा बीम. मोटरखाली मात्र दीड फूट खोल, वेगळा ओतलेला छोटासा ओटा, तोही नेमका ड्राइव्हवेच्या कडेला, जिथे पावसाचं पाणी आधी मुरतं. पावसाळ्यात हा हलका ओटा वर येतो, बीम फारसा येत नाही. फट शून्यावर जाते, पिनियन खालून रॅकला टेकतो आणि गेटच्या वजनाचा वाटा चाकांऐवजी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर येतो. करंट वाढला की कंट्रोल बोर्डाला वाटतं काहीतरी आडवं आलंय, आणि गेट उलटं फिरतं. मे महिन्यात बरोबर उलट. ओटा खाली बसतो आणि फट ६-७ मिमी होते. मॉड्यूल ४ च्या दाताची पूर्ण खोली ९ मिमी, त्यामुळे दात जेमतेम टोकाला धरतात. मग तो कटकट आवाज, आणि आठवडाभरात नायलॉनच्या रॅकचे शेंडे गोल.

सर्व्हिसवाल्याने जुलैत येऊन केलं काय, तर फोर्सची सेटिंग वाढवली. गेट चालू झालं, व्हिजिट चार्ज घेतला, निघून गेला. यावर मी चिडलोय आणि ते लपवणार नाही. फोर्सची मर्यादा ही त्या गेटची सुरक्षा आहे. मधे लहान मूल आलं तर त्याच सेटिंगवर गेट थांबतं. युरोपातलं ईएन १२४५३ मानक ५० ते ५०० मिमीच्या फटीत बंद होणाऱ्या गेटचा दणका ४०० न्यूटनच्या आत ठेवायला सांगतं, म्हणजे साधारण ४० किलोचा दाब. फोर्स शेवटपर्यंत फिरवल्यावर गेट कितीने दाबतं, हे त्या माणसाने मोजलं नव्हतं. शिवाय पिनियन खालून घासतोच आहे, फक्त आता तक्रार करत नाही. तुमच्याकडे कुणी फोर्स वाढवायला लागला तर आधी फट मोजायला लावा.

मोजायला महागडं काही लागत नाही. हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या हातकरवतीचं, पातं साधारण ०.६५ मिमी जाड असतं. दोन पाती एकत्र धरून दाताच्या शेंड्याखाली सरकवा. सहज गेली पाहिजेत, तीन गेली तरी चालतं. गेट पूर्ण उघडं, अर्ध्यात आणि पूर्ण बंद, तिन्ही जागी बघा. एकाच जागी बघून भागत नाही, कारण मोटरपाशी रॅकची उंची पुढच्या आणि मागच्या चाकाखालच्या ट्रॅकवर ठरते. मधे ट्रॅक फुगला असेल तर फट अर्ध्यातच वाढणार.

दुसरी तपासणी हाताने ढकलून. मेन स्विच बंद करा, बॅटरीची वायर काढा (नुसता मेन बंद करून मोटर उघडू नका, बॅटरीवर ती चालू असते), किल्लीने क्लच सोडा आणि सामान तोलायचा लटकता काटा अडकवून गेट ओढा. ३०० किलोचं गेट चांगल्या बेअरिंगवर, सपाट ट्रॅकवर ५-६ किलोच्या ओढीने चालत राहतं. मीटरला १ सेंटीमीटर चढ असेल तर त्यात ३ किलोची भर. १२-१५ किलो लागत असतील तर मोटरचा दोष शोधू नका. चाक, चिखल किंवा चढ, यातलंच काहीतरी निघेल.

चढ पाहायला मिस्त्रीची पाण्याची लेव्हल पाईप बास. ट्रॅकवर फुटाफुटावर खडूने खुणा, प्रत्येक खुणेवर पाणी वाचून वहीत लिहायचं. हे मेच्या शेवटी एकदा आणि ऑगस्टच्या मध्यावर एकदा करा. दोन ओळी शेजारी ठेवल्या की जमीन कुठे हलते ते कळतं. इथल्या गेटला बागेकडचं टोक दोन सूत (पाव इंच) वर आलं होतं, रस्त्याकडचं जागच्या जागी. कारण उघड आहे, बागेकडे ठिबकची नळी बीमला लागून गेली होती.

कंपनीचं म्हणणं, उन्हाने लोखंड फुगतं म्हणून ट्रॅक हलतो. हिशेब करा. ४ मीटर लोखंड, जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत तापमानात ४५ अंशांचा फरक धरला, तरी लांबीत साधारण २ मिमी वाढतं. लांबीत, उंचीत नाही. आणि ऑगस्टात तर ऊनही नसतं.

वॉरंटीचं उत्तरही पाठ झालंय: सिव्हिल काम आमच्यात येत नाही. काँक्रीट ओतणारा म्हणतो, गेट मला विचारून बसवलं नाही. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि फट तेवढी कुणाचीच नाही. नवीन फाउंडेशनसकट कंपनीचं कोटेशन बावीस हजारांचं आलं. त्यात मोटरचा ओटा पुन्हा वेगळाच, फक्त तीन फूट खोल. तीन फुटांवरही इथली माती हलते. म्हणजे दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच.

पुस्तकातला उपाय आहे अंडर-रीम्ड पाइल. आयएस २९११ या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये तो सविस्तर दिलाय: भोक हलत्या थरापलीकडे, खोल काळीत साडेतीन मीटरच्या आसपास न्यायचं, तळाशी खोडाच्या अडीचपट फुगवटा, आणि वरचा बीम जमिनीला टेकू न देता खाली ७५-८० मिमी पोकळी, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलत नाही. नवीन बांधकाम असेल तर हेच करा, आणि मोटर त्याच बीमवर घ्या. झालेल्या गेटला मात्र हा खर्च परवडत नाही.

स्वस्त उपाय असा, आणि चार तारे त्यामुळेच आहेत. माती हलायची थांबवता येत नसेल तर मोटर आणि ट्रॅक एकत्र हलू द्या. मोटरचा ओटा ब्रेकरने वरून ७५ मिमी फोडला. ट्रॅकच्या बीमवर ५०×५०×६ चे दोन अँगल आडवे टाकले, एम१२ चे अँकर फास्टनर बीमच्या कडेपासून किमान ७५ मिमी आत. हे अँगल आतल्या बाजूला फूटभर बाहेर काढून त्यावर १० मिमीची बेस प्लेट, आणि एक तिरपा टेका. टेका विसरू नका, कारण पिनियनचा धक्का गेटच्या लांबीच्या दिशेने बसतो आणि नुसते अँगल थोड्या दिवसांत पिळतात. मोटर १०-१५ किलोची, तिचं वजन हा प्रश्नच नाही. प्लेटवर एम१२ चे चार स्टड, प्रत्येकाला मोटरच्या खाली एक नट आणि वर एक, वॉशर आणि स्प्रिंग वॉशरसकट. यामुळे १० मिमी वर-खाली पान्याने करता येतं, काँक्रीट फोडावं लागत नाही. कंपनीच्या माणसाने मूळ बोल्ट थेट काँक्रीटमध्ये पुरले होते. नट खाली ठेवले असते तर निम्मा त्रास तिथेच वाचला असता. फोडलेल्या ओट्याची पोकळी भरू नका, उंदरांसाठी जाळी लावा आणि सोडून द्या. मोटरच्या वायरींना दोन इंचांचा झोल ठेवा, पाईप मातीबरोबर हलतो.

फॅब्रिकेटरची मजुरी, लोखंड, फास्टनर सगळं मिळून पाच हजारांच्या आत. त्यानंतरच्या पावसाळ्यात ऑगस्टच्या मध्यावर दोन पाती तिन्ही जागी सरकत होती. फोर्स मूळ सेटिंगवर परत आणला आणि ट्रॅव्हल (गेट कुठून कुठवर जायचं ते) बोर्डाला पुन्हा शिकवला. हे करायचंच असतं, नाहीतर बोर्ड जुन्या वजनाच्या आठवणीवर चालतो.

हे काम मेमध्ये किंवा ऑगस्टात करू नका. माती तेव्हा टोकाला असते आणि फट पुढच्या सहा महिन्यांत नक्की बिघडते. नोव्हेंबर-डिसेंबर बरा, जमीन तेव्हा मधल्या अवस्थेत असते.

माती शांत ठेवायचं कामही आहे. ठिबकची नळी आणि छपराचा पाईप बीमपासून निदान ५-६ फूट लांब न्या. बीमलगतची वरची दोन-तीन फूट काळी काढून मुरूम भरा, ६ इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि धुम्मस करून, वर मीटरभर रुंद फरशी किंवा पीसीसी (बिनसळ्यांचं काँक्रीट), बाहेरच्या बाजूला उतार. उन्हाळ्यात भेगा पडल्या की लोक त्यात वाळू ओततात. ओतू नका. पावसात माती फुगताना तिला भरून यायला भेग लागते. तिथे वाळू बसली असेल तर माती वरच येते, बीमसकट.

बाकी किरकोळ. ट्रॅकला आणि रॅकला ग्रीस लावू नका, धूळ मिसळून ते पॉलिश पेपरचं काम करतं. चिखल ट्रॅकमध्ये वाळला की विटेसारखा होतो. चाकाच्या पुढे ५ मिमी पट्टीचा खरवडा वेल्ड करून घ्या, ट्रॅकपासून २-३ मिमी वर. चाकांची बेअरिंग बदलताना पत्र्याच्या झाकणाची झेडझेड न घेता रबर सीलची २आरएस घ्या, फरक किरकोळ आणि पाणी आत जात नाही. रॅकचे दोन तुकडे जोडताना तिसरा तुकडा उलटा धरून क्लॅम्प मारा, म्हणजे जोडावरही दातांचं अंतर १२.५७ मिमी राहतं. आमच्या जोडावर ते १४ भरलं होतं, दर फेरीला एक ठसका.

गेट उघडतं पण बंद होत नाही, तर आधी फोटोसेल (वाटेत काही आलं की गेट थांबवणारे किरणांचे डोळे) पुसा. पावसाळ्यात काचेवर दव आणि कोळ्याचं जाळं, आणि खांब कलला असेल तर नेमही चुकतो. बोर्डाच्या डब्यात वायर शिरते ती भोकं सिलिकॉनने बंद करा. मुंग्या रिलेच्या बाजूला घर करतात आणि पाल २३० व्होल्टच्या टर्मिनलवर जळून बोर्डही घेऊन जाते. बॅटऱ्या उन्हातल्या डब्यात लवकर मरतात. मेन बंद करून गेट चालवताना एकेका बॅटरीवर ११.५ व्होल्टच्या खाली आकडा पडला तर दोन्ही एकत्र बदला, एकच बदलू नका.

एसी मोटर घ्यायच्या विचारात असाल तर उन्हाळ्यातला व्होल्टेज आधी मोजा. या एसी, म्हणजे इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. १८० व्होल्टला २३० च्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपासच उरतो. डीसीला मधे बॅटरी असल्याने हा प्रश्न जवळपास येत नाही.

नवीन ऑर्डर देणार असाल तर पैसे देण्याआधी कोटेशनवर हाताने तीन ओळी लिहून सही घ्या: मोटरची बेस प्लेट ट्रॅकच्याच बीमवर, स्टडला खालून नट, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर फट मोजून देण्याची एक फेरी मोफत. तिसऱ्या ओळीवर घासाघीस होईल. पहिल्या दोन ओळी सोडू नका, तिसरी सोडली तरी चालेल, हॅक्सॉची पाती घरी असतातच.