लॉगिनचा अलर्ट वेळेत येतो, पण सेशन तोडायचं बटण कुठे आहे?

पासवर्ड रीसेट केला की सेशन (आधीच झालेलं, चालू लॉगिन) जिवंत असतानाही टूल इन्सिडेंट (नोंदवलेली घटना) मिटला असं दाखवतं, अशी आमची तक्रार होती. सपोर्टने ते तिकीट ‘हे डिझाइननुसारच आहे’ एवढं लिहून बंद केलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. संशयास्पद लॉगिन पकडणारं हे मॉनिटरिंग टूल आमची टीम कित्येक महिने रोज वापरतेय. लॉग गोळा करणं, डॅशबोर्ड, रिपोर्ट हे सगळं सांगितल्याप्रमाणे चालतं. त्याबद्दल तक्रार नाही.

सुरुवातीला जीव नकोसा केला तो ‘इम्पॉसिबल ट्रॅव्हल’ने. एकाच खात्यात थोड्या वेळात दोन दूरच्या ठिकाणांहून लॉगिन झालं की हा अलर्ट येतो. पण ठिकाण ठरतं आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून. व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे जाणारी जोडणी) लावलं की माणूस खुर्चीत बसूनच दुसऱ्या देशात दिसतो. मोबाइल डेटावर तर असंख्य फोन एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात आणि दिसतं ते नेटवर्क जिथून इंटरनेटला जोडलं जातं त्या गेटवेचं गाव. लॅपटॉप व्हीपीएनवर, फोन मोबाइल डेटावर, की आला लाल अलर्ट!

यावर सपोर्टचा सल्ला होता, व्हीपीएनचे सगळे आयपी वगळून टाका. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. हल्लेखोराच्या हाती व्हीपीएनचाच पासवर्ड लागला, तर तो ज्या वाटेने येणार तीच आपण नजरेआड केलेली असणार. आम्ही काहीही वगळलं नाही. आयपी ओळखीचा आणि डिव्हाइसही नोंदणी केलेलं, असं दोन्ही जुळलं तरच अलर्टची तीव्रता खाली आणायचा नियम लिहिला. कटकट बरीच कमी झाली. तरी तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी ‘घेऊ नका’ असंच सांगितलं असतं.

मत बदललं ते एका खऱ्या प्रकरणामुळे. अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्याचं लॉगिन होतं. पासवर्ड बरोबर, एमएफए (पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा) पास, पण आयपी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या एका होस्टिंग कंपनीचा आणि डिव्हाइस अनोळखी. थोड्याच वेळात त्याच्या मेलबॉक्समध्ये एक नियम तयार झाला: विषयात ‘इन्व्हॉइस’ असलेली मेल थेट आरएसएस फोल्डरमध्ये, जिथे सहसा कुणी बघत नाही, हलवायची. हे दोन धागे टूलने स्वतःहून एकाच इन्सिडेंटमध्ये जोडून समोर ठेवले. सुट्या लॉगमधून ते हाताने शोधायला फार वेळ गेला असता. याचं श्रेय मी मोकळ्या मनाने देते.

सहकाऱ्याला आम्ही फोनच केला, मेल किंवा चॅट नाही, कारण तिथे समोरून कोण वाचतंय याची खात्री नव्हती. त्याने एका बनावट पानावर लॉगिन केलं होतं. असं पान मध्ये बसून खरं लॉगिन पूर्ण होऊ देतं आणि शेवटी मिळणारी सेशन कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) उचलतं. हल्ल्याची दुसरी तऱ्हाही आहे: २०२२ मध्ये उबर कंपनीत शिरकाव झाला तो समोरचा मंजुरी देईपर्यंत त्याच्या फोनवर एमएफएच्या विनंत्यांचा मारा करून. त्या प्रकाराला आळा घालायला मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून ऑथेंटिकेटर या आपल्या एमएफए ॲपमध्ये नंबर जुळवणं (लॉगिनच्या पानावरचा आकडा फोनवर टाकणं) सक्तीचं केलं. पण कुकीच चोरीला गेली की नंबर जुळवून उपयोग नाही. अशा बनावट पानापुढे पासकी (पासवर्डऐवजी डिव्हाइसमध्ये ठेवलेली डिजिटल किल्ली) कामी येते, कारण ती खऱ्या डोमेनशीच, म्हणजे खऱ्या वेबपत्त्याशीच बांधलेली असते.

आता माझ्या रागाचं कारण. अलर्टच्या पानावर ‘पासवर्ड रीसेट’चं ठळक बटण आहे. ते दाबलं की इन्सिडेंट हिरवा होतो, ‘निवारण झालं’. पण पासवर्ड बदलला म्हणून प्रत्येक चालू सेशन तुटतंच असं नाही. घराचं कुलूप बदललं, तरी आत शिरलेला आतच. आधी दिलेलं ॲक्सेस टोकन (प्रवेशाचा तात्पुरता डिजिटल पास) मुदत संपेपर्यंत, बऱ्याच ठिकाणी तासभर, चालू शकतं. तेवढ्या वेळात हल्लेखोर स्वतःचा फोन एमएफएसाठी जोडतो, एखाद्या ॲपला मेलबॉक्सची परवानगी देतो आणि नवा पासवर्ड निरर्थक करून टाकतो. सेशन तोडायची सोय टूलमध्ये आहे, पण वेगळ्या मेनूत, आणि रात्रपाळीच्या ॲनालिस्टकडे नसलेल्या परवानगीमागे!

परवानगी वेगळी असावी, हे सपोर्टचं म्हणणं मला मान्य आहे. सेशन जिवंत असताना इन्सिडेंट हिरवा दाखवणं मात्र मुळीच मान्य नाही. रात्री तीनला थकलेला माणूस त्या रंगावर विश्वास ठेवून पुढच्या अलर्टकडे वळतो.

आम्ही ती परवानगी रात्रपाळीला दिली आणि क्रम लिहून काढला: खातं ब्लॉक, सेशन रद्द, मग पासवर्ड. त्यानंतर एमएफएच्या पद्धती, मेलबॉक्सचे नियम आणि परवानगी दिलेली ॲप्स तपासायची. एवढं झाल्याशिवाय इन्सिडेंट बंद करायचा नाही, रंग कुठलाही असो.

पकडण्याच्या कामाला पाचपैकी चार, पुढच्या कारवाईला दोन. डेमो घेणार असाल तर एका ब्राउझरमध्ये चाचणी खात्याचा मेलबॉक्स उघडा ठेवा, विक्रेत्याला अलर्टवरून त्यांचं बटण दाबायला सांगा आणि त्या मेलबॉक्समधली पुढची मेल अजून उघडते का ते बघा.