संभाजीनगरातलं समुद्री माशांचं दुकान: मासे चांगले, पण टॉर्च घेऊन जा

छत्रपती संभाजीनगरात घरच्या टाकीत पाळायचे समुद्री मासे मिळायची ठिकाणं बोटावर मोजण्याइतकीच. जालना, बीड, परभणीचे लोकही माशांसाठी इथेच येतात, म्हणून शहरातल्या एका दुकानाच्या मरीन विभागाबद्दल जरा सविस्तर.

माल मुंबईहून रात्रीच्या बसने येतो. गुरुवारी सकाळी पिशव्या उघडतात आणि दुपारी मासे विक्रीला असतात. काचा स्वच्छ, पाणी नितळ. टँग जातीचा मासा जाळीने न पकडता डब्यात घेतात. त्याच्या शेपटीच्या बुडाशी असलेला काटा जाळीत अडकून मासा जखमी होतो, म्हणून. एवढी काळजी फार थोडी दुकानं घेतात. मालक काही लपवतही नाहीत. सगळ्या टाक्या एकाच संपवर, म्हणजे पाणी गाळून फिरवणाऱ्या सामाईक टाकीवर आहेत, खारटपणा (पाण्याच्या सापेक्ष घनतेत) 1.018 ठेवतात आणि पाण्यात कॉपरचा, म्हणजे तांब्याच्या औषधाचा, हलका डोस कायम असतो, हे ते विचारल्यावर सरळ सांगतात.

अडचण नेमकी याच तीन गोष्टींत आहे. संप एक असला की एका माशावरचे परजीवी सगळ्या टाक्यांत फिरतात. इक, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी, मारायला क्युप्रामिन हे कॉपरचं औषध 0.5 पीपीएम लागतं, चिलेटेड (दुसऱ्या रेणूंत बांधलेलं) कॉपर 2 ते 2.5. डोस त्याखाली राहिला तर अंगावरचे ठिपके कमी दिसतात, पण कल्ल्यांत परजीवी टिकून राहतो. खारटपणा उतरवून इक मारायचा तर 1.009 पर्यंत जावं लागतं, 1.018 ने मिठाचा खर्च वाचतो, एवढंच. म्हणून इथे ठणठणीत दिसणारा मासा घरच्या 1.025 च्या, कॉपर नसलेल्या पाण्यात आठवड्याभरात ठिपक्यांनी भरू शकतो.

तेव्हा मासा बघायचा तो असा. टाकीचा दिवा पाच मिनिटं बंद करायला सांगा, दुकानातली मुलं आनंदाने करतात. टॉर्च समोरून न मारता बाजूने, माशाच्या अंगाला समांतर धरा. इकचे ठिपके रवा चिकटल्यासारखे सुटे दिसतात, मोजता येतात. व्हेल्व्हेट या दुसऱ्या परजीवीचे ठिपके मोजता येत नाहीत. ज्वारीचं पीठ भुरभुरल्यासारखी बारीक, किंचित सोनेरी पूड असते. पण व्हेल्व्हेट आधी कल्ल्यांत घुसतो. पूड दिसायच्या आतच मासा धापा टाकतो, उजेड टाळतो, पॉवरहेडच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड करून उभा राहतो. असा एकही मासा दिसला तर त्या दिवशी त्या संपवरचं काहीच घेऊ नका. व्हेल्व्हेट दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो.

श्वास घड्याळ लावून मोजा. 15 सेकंदांत कल्ला किती वेळा उघडतो ते बघून चारने गुणा. मिनिटाला 80 च्या पुढे गेलं तर शेजारच्या त्याच जातीच्या माशाशी ताडून बघा. एक कल्ला हलतोय आणि दुसरा घट्ट मिटलेला, किंवा डोळ्यावर धुरकट पडदा आहे, तर फ्लूक म्हणजे चपट्या कृमींचा संशय घ्या. मग समोर खायला घालायला सांगा. खातो पण पोट खपाटीला गेलंय, विष्ठेचा पांढरा लांब दोरा लोंबतोय, तर आतून परजीवी असण्याची शक्यता मोठी. परांच्या कडेला फुलकोबीसारखे गड्डे असतील तर मात्र घाबरू नका. तो लिंफोसिस्टिस, विषाणूचा आजार, मासा सहसा त्यातून आपोआप बरा होतो.

इथून घेण्यासारखा मासा म्हणजे क्लाउनफिश, तोही टाकीत पैदास झालेला आहे ना हे विचारून. समुद्रातून पकडलेल्या क्लाउनला ब्रुकलिनेला हा परजीवीचा आजार बऱ्याचदा होतो: अंगावरचा चिकट थर सायीसारखा सुटायला लागतो आणि उपचाराला हातात एखादा दिवसच राहतो. ग्रीन क्रोमिसच्या कुशीवर लालसर चट्टा असेल तर तो युरोनेमा हा परजीवी, त्यावर उपाय क्वचितच लागू पडतो. थवा स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. पावडर ब्लू टँग इथून अजिबात घेऊ नये. इकला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्या माशांपैकी तो आहे.

परभणी-बीडकडे मासा नेताना पिशवीत अमोनिया साठतो. पिशवी बंद असेपर्यंत पीएच उतरलेला असल्यामुळे तो फारसा बाधत नाही. उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तासभर पिशवीत टाकीचं पाणी थेंबाथेंबाने सोडत (ठिबक लावत) बसू नका. क्वारंटाईन टाकी (नवा मासा वेगळा ठेवायची) आधीच 1.018 वर तयार ठेवा, बंद पिशवी 15 मिनिटं तरंगवा, मासा आत सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. नंतर खारटपणा रोज 0.001 ते 0.002 ने चढवा. पाणी आरओचंच वापरा, आपल्याकडचं बोअरचं नको.

क्वारंटाईनला 2×1×1 फुटांची, साधारण 55 लिटरची टाकी पुरते. आत हीटर, जुन्या टाकीच्या संपमध्ये महिनाभर मुरवलेला स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसीचे एल्बो. दगड-वाळू नको, ती कॉपर शोषतात. मासा इथे किमान 30 दिवस राहू द्या. फ्लूकचा संशय असेल तर पांढऱ्या बादलीत त्याच तापमानाचं आरओ पाणी घ्या, खायच्या सोड्याने पीएच 8.2 च्या आसपास आणा, एअर पंप लावा आणि मासा पाच मिनिटं ठेवा. मासा फार तडफडला तर लगेच बाहेर काढा. फ्लूक असतील तर तिळासारखे पांढरे होऊन तळाशी पडतात. मग प्राझिक्वांटेल या कृमिनाशक औषधाचे आठवड्याच्या अंतराने दोन डोस.

दुकानाची हमी फक्त 24 तासांची आहे आणि वरचे बहुतेक आजार त्यानंतरच उघडे पडतात. त्यापेक्षा त्यांची दुसरी सोय कामाची: अर्धे पैसे भरले की मासा आठवडाभर दुकानातच राखून ठेवतात. गुरुवारी आलेला मासा पुढच्या गुरुवारी, नवा माल टाक्यांत पडायच्या आधी, सकाळीच उचला.