आचार्य की आचारी? पत्रकारितेच्या विद्यार्थ्यासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड

काय तपासलं: विंडोजमध्ये मिळणारा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड
किंमत: शून्य रुपये
गुण: ५ पैकी ४

सोलापूरजवळच्या केगावच्या विद्यापीठात किंवा सोलापूर शहरातल्या कॉलेजात जनसंवादाला प्रवेश घेतला की पहिली खरेदी ठरलेली असते: ट्रायपॉड, कॉलर माइक, जमलं तर रिंग लाइट. मराठी टायपिंगकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण फोनवर बोललं की आपोआप टाइप होतं. होतं, हे खरं. गुगलने २०१७ मध्ये बोलून टायपिंगची सोय मराठीत आणली आणि कच्च्या टिपणासाठी ती उत्तमच आहे. पत्रकार परिषद संपल्यावर गाडीवर बसायच्या आधी पाच मुद्दे बोलून ठेवावेत, त्याला तोड नाही. पण बातमी म्हणून तोच मजकूर पुढे पाठवायचा झाला की दुरुस्तीतच वेळ जातो.

याचं कारण सोलापूरच्या नावांत आहे. बोलणं ओळखणारं यंत्र नेहमीच्या वापरातल्या शब्दाकडे ओढ घेतं. सिद्धेश्वर यात्रेचा ‘गड्डा’ म्हटलं तर ‘गड्ढा’ उमटू शकतो, ‘बाळे’ गावाचं ‘बाळ’ होतं, ‘सात रस्ता’ या चौकाचा ‘७ रस्ता’ होतो. पूर्व भागातली तेलुगू आडनावं आणि अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडची कन्नड गावं तर जवळपास प्रत्येक वेळी तपासावी लागतात. मुलाखतीत माणूस मराठीतून मध्येच तेलुगूत गेला, तर ती वाक्यंही मराठी अक्षरांत निरर्थक उतरतात. यंत्रमाग चालू असलेल्या कारखान्यात तर प्रयत्नही करू नये. शिवाय गुगल डॉक्समध्ये विरामचिन्हांच्या आज्ञा इंग्रजीसारख्या मोजक्याच भाषांत चालतात, त्यांत मराठी नाही. पूर्णविराम हातानेच द्यायचे.

मग राहतात हाताने टाइप करायच्या दोन पद्धती: फोनेटिक आणि इनस्क्रिप्ट. फोनेटिकमध्ये रोमन अक्षरं टाइप करायची आणि समोर आलेल्या पर्यायांतून शब्द निवडायचा. पहिल्याच दिवशी जमतं, म्हणून सगळे तिकडेच वळतात. अडचण अशी की न-ण, ल-ळ, त-ट, द-ड या जोड्यांना रोमनमध्ये एकेकच अक्षर आहे. ‘बाल’ हवा की ‘बाळ’, हे दर वेळी यादीत डोळे घालून ठरवावं लागतं, आणि त्यामुळे वेग एका जागी अडकतो. गुगलचं विंडोजसाठीचं जुनं इनपुट टूल कंपनीने बंद केलेलं आहे. त्याच्या फाइल्स अजून पेनड्राइव्हवरून फिरतात, त्या लॅपटॉपमध्ये घालू नयेत.

इनस्क्रिप्टची मांडणी मराठी वर्णमालेवर बेतलेली आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट. ग-घ, त-थ, ट-ठ यांचंही तसंच. मात्रा साधी आणि पूर्ण स्वर शिफ्टसह: एफवर ि, शिफ्ट-एफवर इ. पाय मोडायला डी. ‘तक्रार’ लिहायचं तर एल, के, डी, जे, ई, जे: सहा कळा, आणि यादीतून काही निवडायचं नाही. बोटं डावी-उजवी आलटून-पालटून चालतात, वेग त्यातूनच येतो.

बसवायला दोन मिनिटं लागतात. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे लँग्वेज अँड रीजन, मग ॲड अ लँग्वेज करून मराठी घ्यायची. फोनेटिकही यादीत आला असेल तर भाषेच्या पर्यायांत जाऊन तो काढून टाका. दोन्ही ठेवले की हात सोप्याकडे पळतात. भाषा बदलायला विंडोज कळ आणि स्पेसबार. कळ विसरली तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबून पडद्यावर कीबोर्ड आणता येतो. टायपिंग क्लासमध्ये रेमिंग्टन पद्धत शिकलेल्यांनी मात्र जपून, तिथली कळांची मांडणी पूर्ण वेगळी आहे. दोन्हींची सरमिसळ झाली की महिनाभर चुका होतात.

सराव रोज अर्धा तास, साधारण तीन-चार आठवडे. पहिल्या आठवड्यात फक्त मधली ओळ: ो, े, ्, ि, ु आणि प, र, क, त, च, ट. दुसऱ्या आठवड्यात शिफ्टवरची मंडळी: ण (शिफ्ट-सी), ळ (शिफ्ट-एन), श (शिफ्ट-एम). ‘शेळगी’ हा चांगला व्यायाम आहे, पाच कळांत दोन शिफ्ट.

आता शीर्षकातला प्रश्न. ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पहिलीत विद्वान, दुसरीत स्वयंपाकी. हा ऱ्य इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, डी आणि य च्या कळीने (प्रश्नचिन्हाची कळ, शिफ्टशिवाय) थेट येतो. बोलून टाइप केलेल्या मजकुरात तो नजरेने शोधावा लागतो, आणि रात्री अकराला डेस्कवर तो दिसत नाही.

एक गुण कापला तो ॲ साठी. काही कीबोर्डांवर हे अक्षर अ आणि ॅ जोडून लिहावं लागतं. दिसायला ‘ॲप’ आणि ‘अॅप’ सारखेच, पण संगणकाला ते वेगळे शब्द, त्यामुळे एक शोधला तर दुसरा सापडत नाही. विभागाचं नियतकालिक किंवा वेबसाइट चालवत असाल तर पहिला प्रकार ठरवून टाका आणि प्रकाशित करण्याआधी फाइंड-रिप्लेसने दुसरा बदलून घ्या.

हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि फोनवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत होतं, हा मोठा फायदा. श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फाँटमधला मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्या फाँटमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. कन्व्हर्टर असतात, पण ते हमखास दोन ठिकाणी घसरतात. जुन्या फाँटमध्ये ि अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलट: तिथे नंतर, इथे आधी. म्हणून रूपांतर झाल्यावर ‘स्थिती’, ‘प्रसिद्धी’, ‘मार्मिक’ असे शब्द आधी तपासा. हे तीन नीट आले तर बाकीचं बहुधा नीट असतं. (नव्या श्रीलिपीत युनिकोड आहे, पण जुन्या फाइल्स सगळीकडे पडून असतात.)

पानाची जुळणी इनडिझाइनमध्ये करताना युनिकोड मजकुरातली ि पलीकडे उडाली, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसू लागली, तर फाँटला दोष देऊ नका. पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत जाऊन ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा.

जनसंपर्काच्या पेपरसाठी प्रेसनोट लिहिणाऱ्यांनी ती ईमेलच्या मजकुरातच युनिकोडमध्ये द्यावी. पीडीएफमधून मराठी कॉपी केली की मात्रा विस्कटतात आणि लेटरहेडचा फोटो पाठवला तर उपसंपादकाला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. जागा कमी असली की अशी नोट सगळ्यात आधी बाजूला पडते.

कळांवर चिकटवायचे मराठी स्टिकर मिळतात, ते घेऊ नका. नजर खाली जाते ती पुन्हा वर येत नाही. मांडणीचा एक तक्ता छापून पडद्याच्या कडेला लावा आणि चौथ्या आठवड्यात काढून टाका.