कोकणातल्या मोजणीत ग्लोनास: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोकणात खाजगी मोजणीची कामं करतो. गेल्या दिवाळीपासून रोव्हरवर (काठीवर लावून शेतात फिरवायच्या रिसीव्हरवर) अमेरिकेच्या जीपीएसच्या जोडीला ग्लोनास, म्हणजे रशियाची तशीच उपग्रह यंत्रणा, कायम चालू ठेवलंय. विकणारे 'रशियन सॅटेलाइटपण घेतो' एवढंच सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उघड्या सड्यावर फारसा फरक पडत नाही, तिथं एकटं जीपीएस पुरतं. खरा उपयोग आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत. गडग्याच्या कोपऱ्यावर काठी उभी केली की झावळ्यांच्या आड जीपीएसचे मोजकेच उपग्रह उरतात आणि स्क्रीनवरचं 'फ्लोट' (म्हणजे जागा अजून कच्ची) हलता हलत नाही. ग्लोनास चालू असेल तर उपग्रहांच्या यादीत 65 ते 88 मधले आकडे दिसू लागतात, ते ग्लोनासचे. त्यातला एक उपग्रह दोन्ही यंत्रणांच्या घड्याळांतला फरक काढण्यातच खर्ची पडतो, त्यामुळे एकाने भागत नाही. तीन-चार मिळाले की 'फिक्स' (पक्की जागा) बसतो आणि कोपरा घेऊन पुढं सरकता येतं. माझ्यासाठी एवढ्यावरच पैसे वसूल.

त्रास एकच, पण मोठा. जीपीएसचे सगळे उपग्रह एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळ्या कोडने बोलतात. ग्लोनासच्या जुन्या सिग्नलमध्ये 1602 मेगाहर्ट्‌झच्या आसपास वेगवेगळे चॅनेल असतात आणि प्रत्येक चॅनेलला रिसीव्हरच्या आत होणारा उशीर थोडा निराळा. बेस (एका जागी ठेवलेला दुसरा रिसीव्हर) एका मेकचा आणि रोव्हर दुसऱ्या मेकचा असला की हे उशीर जुळत नाहीत आणि फिक्स अडकतो. दोन्ही एकाच मेकचे ठेवा.

'रशियाचं आहे, भरवसा काय?' असं शेतकरीही विचारतात. प्रश्न रास्त आहे. सोव्हिएत लष्करासाठी उभारलेली ही यंत्रणा, पहिला उपग्रह 1982 चा. 1995 मध्ये 24 उपग्रह पूर्ण झाले, मग पैसा आटला आणि 2001 पर्यंत जेमतेम सहा-सात चालू राहिले. 2011 मध्ये पुन्हा 24 झाले. जुलै 2013 मध्ये कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून सुटलेलं प्रोटॉन रॉकेट काही सेकंदांतच तीन उपग्रहांसकट कोसळलं, कारण त्यातले सेन्सर उलटे बसवले होते. एप्रिल 2014 मध्ये उपग्रहांनी स्वतःच्याच जागेची चुकीची माहिती पाठवली आणि कित्येक तास जगभरचे ग्लोनास रिसीव्हर चुकले. म्हणून एकट्या ग्लोनासवर मी कुणाच्या बांधाची हद्द ठरवणार नाही.

पण त्या लोकांची चिकाटी मला मनापासून आवडते. 27 मे 2019 रोजी प्लेसेत्स्कच्या लष्करी तळावरून ग्लोनास-एम उपग्रह घेऊन निघालेल्या सोयुझ रॉकेटवर वर चढतानाच वीज पडली. व्हिडिओत ती रॉकेटवर पडताना स्वच्छ दिसते. तरी सोयुझ थांबलं नाही, आणि वरच्या फ्रेगाट टप्प्याने उपग्रह 19,100 किलोमीटरवरच्या कक्षेत नीट सोडला.

नव्या ग्लोनास-के उपग्रहांवर जीपीएससारखा कोडचा सिग्नलही आहे. नवा रिसीव्हर घेणार असाल तर तो सिग्नल घेतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.