बरफ कथा पडना? निसेकोचा बर्फ-अहवाल एका केळीवाल्याने वापरून पाहिला

जानेवारीच्या शेवटी पुतण्याकडे जपानला, होक्काइदो बेटावरच्या साप्पोरोला गेलो होतो. तो म्हणाला, "काका, आलाच आहात तर चार दिवस निसेकोच्या स्की-रिसॉर्टला स्की शिकून घ्या." आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात पारा 45 ला टेकतो, आणि बर्फ आम्ही पाहतो तो उसाच्या रसात. तरी गेलो. स्कीइंग कसं जमलं ते विचारू नका, बसताना अजून जपून बसतो. हॉटेलाबद्दल आणि जेवणाबद्दल लोक भरपूर लिहितात. मला लिहायचंय ते तिथल्या बर्फाच्या अंदाजाबद्दल आणि उतारांच्या रोजच्या अहवालाबद्दल.

पहिल्या दिवशीच फसलो. पुतण्याने पैसे भरून एक अ‍ॅप घेतलं होतं, नाव घेत नाही. त्यात रात्रीसाठी मोठ्या अक्षरात 30 सेंटीमीटर आणि खाली पाच चांदण्या. आम्ही खुशीत दिवसभराचा पास काढला. सकाळी पायथ्याला बूट बुडेल इतकाच नवीन बर्फ, आणि वरच्या लिफ्ट वाऱ्यामुळे बंद. संध्याकाळी घरी फोन केला, तर आबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "बरफ पडना म्हनतस, पन कथा पडना?" म्हणजे, पडला कुठे?

आता हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक पावसाळ्यात विचारला जातो. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात 40 मिलिमीटर लिहिलेलं असतं आणि आपल्या शिवारात धूळ उडत असते. हिवाळ्यात तेच. केळीच्या विम्याचं तापमान मंडळाच्या केंद्रावर मोजतात, आणि नाल्याकाठच्या खोलगट बागेत, जिथे आम्ही रात्रभर शेकोट्या पेटवून धूर करतो, तिथला गारठा कोणी मोजत नाही. इतकी वर्षं हे भोगलेला माणूस जपानात जाऊन एका आकड्यावर विश्वास ठेवतो, म्हणजे कमालच.

दुसऱ्या दिवसापासून अ‍ॅप बाजूला ठेवलं आणि रिसॉर्टचा अहवाल वाचायला लागलो. इंग्रजीतही असतो. पहिली गोष्ट, शिखर आणि पायथा वेगळे बघायचे. निसेको अन्नुपुरी डोंगर 1308 मीटर उंच, आणि आम्ही जिथून चढायचो तो हिराफूचा पायथा त्याच्यापेक्षा जवळपास हजार मीटर खाली. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. खाली उणे 4 असेल तर वर उणे 10 धरा, वारा वेगळा. अ‍ॅपचे 30 सेंटीमीटर शिखराचे होते, आणि मी नवशिक्या तिथे जाणारच नव्हतो.

दुसरी गोष्ट, नवीन पडलेला बर्फ आणि एकूण साठलेला बर्फ हे दोन वेगळे आकडे. रात्री 20 सेंटीमीटर पडला आणि साठा 8 नेच वाढला, तर मला आधी लबाडी वाटली. मग घरातली कापसाची गंजी आठवली. आज छताला टेकलेली असते, आठ दिवसांत कंबरेपर्यंत दबते. बर्फही स्वतःच्या वजनाने बसतो. कोरड्या आणि ओल्या कापसाचा फरकही तसाच आहे. साधा हिशेब 1 मिलिमीटर पाण्याला 1 सेंटीमीटर बर्फ असा असतो, पण होक्काइदोच्या कोरड्या थंडीत तेवढ्याच पाण्याचा बर्फ जास्त फुलतो. म्हणून अंदाजात मिलिमीटर दिसले तर शेजारचं तापमान बघितल्याशिवाय खूश होऊ नका.

हा बर्फ येतो कुठून ते कळलं तेव्हा तर घरचंच वाटलं. सैबेरियाचा कोरडा थंड वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो, डोंगराला धडकतो आणि तिथेच सगळं सांडतो. डोंगरापलीकडे तोकियोच्या बाजूला हिवाळाभर कोरडं ऊन. म्हणजे निसेको त्यांचं कोकण, आणि तोकियोवाले आपल्यासारखे घाटापलीकडचे! नकाशावर पश्चिमेला जास्त दाब आणि पूर्वेला कमी, असं दिसलं की तिथले लोक बर्फाची तयारी करतात. ते त्याला 'सेइको तोतेइ' म्हणतात. समदाबाच्या (सारखा दाब जोडणाऱ्या) रेषा उभ्या आणि एकमेकींना चिकटून असल्या तर वारा जोरात. मी तर आता आकड्याआधी वाराच बघतो. केळीवाल्याला हे सांगावं लागत नाही. पावसाने बाग आडवी होत नाही, वाऱ्याने होते. बर्फ कितीही पडो, वारा सुटला की वरची लिफ्ट थांबते.

उतारांच्या रकान्यांत काही शब्द कायम दिसतात. 'शिनसेत्सु' म्हणजे नवीन बर्फ, 'आस्सेत्सु' म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेला, 'आइसुबान' म्हणजे गोठून काच झालेला. 'उंक्यू' दिसलं तर ती लिफ्ट बंद. उतारांचे रंग तीन: हिरवा, लाल, काळा. आम्ही हिरव्याच्या बाहेर पडलो नाही. आणि एक गुपित सांगतो, जे अ‍ॅपच्या पाच चांदण्या सांगत नाहीत: नवशिक्याला नवीन बर्फ नकोच. गुडघाभर भुसभुशीत बर्फात स्की रुततात, ढगात समोरचा उतार दिसत नाही, आणि उठता उठता जीव जातो. मला सगळ्यात चांगला गेला तो तिसरा दिवस. नवीन बर्फ शून्य, वारा मंद, 'आस्सेत्सु', आणि समोर 1898 मीटरचा योतेइ डोंगर असा स्वच्छ की पुतण्याने वीस फोटो काढले. त्या दिवशी अ‍ॅपने दोनच चांदण्या दिल्या होत्या.

खरी शाबासकी द्यायची तर हिमस्खलनाच्या पत्रकाला. हिवाळ्यात रोज सकाळी निघतं. वारा कुठून आला, बर्फ कुठल्या बाजूला साचला, धोका कुठे आहे, सगळं सरळ भाषेत. चांदण्या नाहीत, हसरे चेहरे नाहीत. रिसॉर्टच्या हद्दीबाहेर जायचं तर ठरलेल्या दरवाजातूनच जायचं, आणि दरवाजा बंद असेल तर दोरीखालून घुसायचं नाही, असा तिथला नियम आहे. यु-नो-सावा नावाचा भाग तर सगळ्यांनाच बंद. आम्हाला दरवाजापर्यंतही जायचं नव्हतं, पण मी ते पत्रक रोज चहाबरोबर वाचायचो. आपल्याकडे कोणी बागेच्या वाऱ्याबद्दल असं रोज लिहून दिलं तर मी वर्गणी भरीन.

गुण: पत्रकाला पाचपैकी पाच. रिसॉर्टच्या अहवालाला चार. एक कापला कारण सकाळचा आकडा किती वाजता मोजला ते मला शोधत बसावं लागलं, आणि दुपारपर्यंत उतार बदललेला असतो. अ‍ॅपला एक, तोही पुतण्याचे पैसे गेले म्हणून.

शेवटच्या रात्री पुन्हा फोन लावला. "आबा, आज वर 25 पडना, खाले 10, वारा नही." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "बरं. इकडे बागमा पानं पिवळी पडी राह्यनीत, लवकर ये."