२४ इंची लोखंडी कूलर आणि नागपूरच्या महाल भागातलं आमचं भरलेलं घर

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगते, घ्या. घरात माणसं जास्त असतील, एक मोठी खोली असेल आणि तिला समोरासमोर खिडकी अन दार असेल तर एसीचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि नागपुरात इतवारी-गांधीबागकडे जे लोक पत्र्याचे कूलर बनवून देतात त्यांच्याकडून २४ इंची फॅनचा मोठा डेझर्ट कूलर बनवून घ्या. त्याच्यावर कंपनीचं नाव नसते, रिमोट नसते, दिसायलाही काही खास नाही. पण आमच्या घराला या कूलरनं जेवढं सुख दिलं तेवढं दुसऱ्या कोणत्याही वस्तूनं दिलं नाही, म्हणून बसून सगळं नीट लिहून राहिली आहे.

आधी घर सांगते, नाहीतर कूलरचं समजणार नाही. आम्ही महाल भागात राहतो, जुनं घर, मधे एक लांबलचक खोली जिला आम्ही बैठक म्हणतो, मागे आंगण आणि आंगणात विहीर. माणसं चौदा. सगळ्यात वर आजी (माझ्या सासऱ्यांची आई), मग मोठे बाबा-मोठी आई, माझे सासू-सासरे, एक लग्न न केलेले काका, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि आमची दोघींची मिळून चार पोट्टी. मे महिन्यात नणंद पुण्याहून तिच्या मुलांना घेऊन येते तेव्हा हा आकडा आणखी वाढतो आणि कोणालाच ते जड जात नाही. माझं माहेर चंद्रपूरचं, म्हणजे ऊन माझ्यासाठी नवीन नाही, पण माहेरी आम्ही चारच जण होतो, त्यामुळे इतक्या माणसांत उन्हाळा कसा काढतात ते मी इथं येऊन पाहिलं.

याच्या आधी आमच्याकडे एका नावाजलेल्या कंपनीचा प्लास्टिकचा कूलर होता. दिसायला सुंदर, आवाज कमी, पण हवा फक्त समोर बसलेल्या दोघा-तिघांना लागायची आणि नवतपा लागला, म्हणजे २५ मे नंतरचे ते नऊ दिवस, की तो नुसता पंखा व्हायचा. एकदा ऐन मे मध्ये त्याचा पंप गेला तर सर्व्हिसवाल्यांनी पार्ट यायला वेळ लागेल म्हणून सांगितलं आणि आजीला आम्ही ओल्या चादरीवर झोपवलं. त्यानंतर ठरलं की आता काहीतरी पक्कं करायचं.

दीर एसीचं कोटेशन घेऊन आले. चार खोल्या, चार एसी, पैसे हप्त्यानं भरायचे, सगळं हिशोबात बसत होतं. जेवण झाल्यावर बैठकीत सगळे बसले होते, मोठ्या बाबांनी तो कागद नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "एसी लावला तं दारं लावा लागते. मंग कोण आलं, कोण गेलं, कोण जेवलं, कोण नाही जेवलं, समजते का?" कोणी काहीच बोललं नाही. दिरांनी कोटेशन घडी करून खिशात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही कूलरवाल्याकडे गेलो.

आणि हे खरंच आहे, यात भावनेपेक्षा सायन्स जास्त आहे. एसी आतलीच हवा फिरवून थंड करतो, म्हणून दार-खिडकी बंद पाहिजे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून, म्हणजे बाजूंना बसवलेल्या पॅडमधून ओढतो, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते आणि ती हवा थंड होऊन आत येते. ती हवा समोरून बाहेर गेली नाही तर खोलीत दमट होते अन चिकचिक होते, म्हणून कूलर लावला की समोरचं दार उघडं ठेवावंच लागते. आमचं बैठकीचं दार रात्रभर सताड उघडं असते, बाहेर जाळीचं दार लावलेलं. मे मध्ये आपल्याकडे दुपारची आर्द्रता वीसेक टक्क्यांपर्यंत उतरते म्हणून नागपुरात कूलर जेवढा चालतो तेवढा मुंबईत कधीच चालणार नाही. आणि वीज पाहा, दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट खातो, हा एवढा मोठा कूलर पंपासकट त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास.

आता वस्तूचं सांगते. दुकानदारानं घरी येऊन आंगणाकडच्या खिडकीचं माप घेतलं, खोलीची लांबी मोजली आणि विचारलं, "झोपणारे किती?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण कोणत्याही शोरूममध्ये हे विचारत नाहीत, तिथे स्क्वेअर फूट विचारतात. पत्रा जाड गेजचा घ्या असं त्यानं स्वतःच सांगितलं, खालचा पाण्याचा टप आतून जास्तीचा कोट मारून दिला, मोटर कॉपर वाइंडिंगची, तिन्ही बाजूंना ताट्या. साडेतेरा हजारात स्टँडसकट घरपोच. हनीकोंब पॅड पाहिजे असेल तर तेही लावून देतात, ते महाग पडतात पण काही सीझन टिकतात. आम्ही मात्र वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्याच घेतल्या, दरवर्षी बदलाव्या लागतात पण स्वस्त आहेत, आणि आजीसाठी मधल्या ताटीत थोडा खस, म्हणजे वाळा भरून घेतला. पहिल्यांदा पाणी सुटलं आणि तो वाळ्याचा वास बैठकीत पसरला तेव्हा आजी डोळे मिटून नुसती बसून राहिली, तिच्या लहानपणी दारावर वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारत, ते तिनं सगळ्या पोट्ट्यांना सांगितलं.

हवेबद्दल तक्रारीला जागा नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला दाराजवळ काका झोपतात त्यांनासुद्धा पहाटे चादर लागते.

आवाज मात्र आहे, आणि भरपूर आहे. फोनवर बोलायचं असेल तर आंगणात जावं लागते, टीव्हीचा आवाज वाढवावा लागते, मोठी आई आधीच कमी ऐकते त्यामुळे तिच्याशी बोलायचं तर तिच्या बाजूला जाऊन बसावं लागते. पण रात्री त्या एकसारख्या घरघरीत झोप इतकी लागते की लाईन गेली की सगळे एकदम उठतात, कारण आवाज थांबला. मला वाटते आमच्या घरचे सगळ्यात चांगले अर्धे तास तेच असतात. अंधारात कोणीतरी म्हणते "गेली का?", कोणी म्हणते "पलीकडच्यांचीही गेली", जाऊ उठून माठातलं पाणी देते, सासरे हातपंखा घेऊन आजीच्या बाजेजवळ बसतात, काका मुलांना घेऊन गच्चीवर जातात. मागच्या मे मध्ये अशीच लाईन गेली तेव्हा सासूबाईंनी टॉर्चच्या उजेडात टरबूज कापलं आणि रात्रीच्या दोन वाजता आम्ही सगळे ते खात बसलो होतो, लाईन आली तरी कोणी उठलं नाही. माझा मुलगा तेव्हा झोपेतच माझ्या जावेच्या मांडीवर जाऊन पडला होता, आणि तिनं एका हातानं फोड खाता खाता दुसऱ्या हातानं त्याला वारा घातला, तिचं स्वतःचं पोरगं बाजूला असताना. ते पाहून मला जे वाटलं ते मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, ती हे वाचते म्हणून इथं लिहून ठेवते.

झोपायची जागा ठरलेली आहे. आजीची बाज भिंतीला लागून, अंगावर थेट वारा येणार नाही अशी, मग मोठी आई आणि सासूबाई, मग पोट्टे एका लांब सतरंजीवर, मग बाकीचे. बैठक लांब आहे, दिवाण सरकवले की सगळे मावतात. मुलं झोपायच्या आधी मोठ्या बाबांकडून गोष्ट काढून घेतात आणि कूलरच्या आवाजामुळे त्यांना ती मोठ्यानं सांगावी लागते, म्हणून आम्हालाही ऐकायला मिळते.

दिवसाचं वेगळंच असते. उन्हाळ्यात सकाळी लवकर गच्चीवर कुरड्या, सरगुंडे, पापड घालायचं काम, ऊन चढलं की सगळ्या बायका खाली येऊन कूलरसमोर बसतात आणि उरलेलं लाटणं तिथंच होते. पीठ मोठी आई मळते, गोळे सासूबाई तोडतात, लाटायला आम्ही दोघी आणि वाळत घालायला नणंदेची मुलगी वर पळते. दुपारी गंजभर आंब्याचा रस होतो, पुरुष मंडळी जेवून तिथंच आडवी होतात. २०२४ च्या मे अखेरीस नागपूरच्या एका ऑटोमॅटिक हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले होते तेव्हा पोट्टे मोबाईल नाचवत आले होते, आणि नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडला होता असं सांगितलं तर त्यांना फार वाईट वाटलं! पण २०१३ मधले ४७.९ तर खरे होते आणि मोठ्या बाबांना तो उन्हाळा अजून आठवते, त्यांनी तिथंच पडल्या पडल्या मुलांना तो सांगितला.

माझं ऑफिस सिव्हिल लाइन्सला. संध्याकाळी तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडीवर घरी येताना कानाशी लू वाहते, सिग्नलला थांबलं की पाय भाजतात. पण घरी पाऊल टाकलं की कूलर चालू असते, टप भरलेला असते आणि पन्ह्याचा ग्लास झाकून ठेवलेला असते. टप कोणी भरला हे मला कधी विचारावं लागलं नाही. कधी काका भरतात, कधी जाऊ, कधी सासरे पाईप धरून उभे असतात आणि आठवीतला पुतण्या विहिरीवरची मोटर चालू करतो. कोणी पाटीवर नावं लिहिली नाहीत, आज तुझी पाळी असं कोणी म्हणत नाही. मी देवापुढे दिवा लावते तेव्हा मोठं काही मागत नाही, या भरलेल्या टपासाठी आणि झाकलेल्या ग्लाससाठी हात जोडते, खरंच.

आता घेणाऱ्यांनी काय पाहावं ते सांगते.

पाणी हा खूप पितो, दुपारी तर सतत लक्ष ठेवावं लागते. पिण्याचं पाणी यात घालायला जीव होत नाही म्हणून आम्ही विहिरीचं घालतो, पण ते जड पाणी असल्यानं ताट्यांवर पांढरा थर चढते आणि पंपाची जाळी बुजते, मग एका बाजूची ताटी कोरडी राहून तिथून गरम हवा येते. आठवड्यातून एकदा पंप काढून धुवा. टपही आठवड्याला पूर्ण रिकामा करून घासून कोरडा केलाच पाहिजे, डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. आमच्याकडे रविवारी सकाळी हे काम चालते, पोट्ट्यांना यात भिजायला मिळते म्हणून ते स्वतःहून उठतात. पाणी काढायचं बूच मात्र मागच्या कोपऱ्यात दिलं आहे, तिथं हात जात नाही, बनवतानाच समोर मागून घ्या. टपाच्या जोडावर थोडा जंग दिसू लागला आहे, या दिवाळीत घासून रंग मारणार.

करंटचं कृपा करून गांभीर्यानं घ्या. बॉडी लोखंडाची, आत पाणी, खाली ओली फरशी, दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या शॉकनं माणूस गेल्याची बातमी वाचायला मिळते आणि त्यात मुलं असतात. आम्ही कूलर घरात आणायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घेतलं, बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवला, तीन पिनचाच प्लग. पाणी भरायच्या आधी बटण बंद करून प्लग काढायचा, हा नियम आजीपासून पाच वर्षांच्या पोरीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे, आणि ती पाच वर्षांचीच सगळ्यात जास्त लक्ष ठेवते, कोणी विसरलं तर ओरडते.

जूनच्या मध्यात पाऊस आला की याचा उपयोग संपला, हवेत ओल आली की कूलर काही करू शकत नाही. मग टप कोरडा करून, ताट्या काढून, मोटरला तेल देऊन झाकून ठेवतो. सतरंज्या गुंडाळल्या जातात, जो तो आपापल्या खोलीत झोपायला जातो आणि पहिले काही दिवस पोट्टे रात्री उशी घेऊन पुन्हा बैठकीतच येतात. आम्ही त्यांना परत पाठवत नाही.

बनवून घ्यायचा असेल तर ऑर्डर फेब्रुवारीतच द्या, होळी झाली की गर्दी सुरू होते आणि एप्रिलमध्ये भावही वाढवतात. माप घ्यायला माणूस येईल तेव्हा घरातली म्हातारी माणसं कुठं झोपणार ते आधी ठरवून ठेवा, खिडकी त्या हिशोबानं निवडा. आणि स्टँड चाकांचं घ्या, आमच्या नणंदेनं ते पाहूनच यावर्षी पुण्याला न्यायचा हट्ट धरला होता, आजी म्हणाली, "कूलर कायले नेतं, तूच ये."