खदानीचं पाणी: साधी बोअर की कोअर?

जालन्याच्या मेहुण्याचा प्रश्न: जुन्या खदानीतलं घाण पाणी कोणत्या थरातून विहिरींकडे झिरपतंय, हे बघायला साधी बोअर घ्यावी की कोअर ड्रिलिंग (दगड अख्ख्या कांडीच्या रूपात बाहेर काढणारं)?

साधी बोअर स्वस्त. गाडी आली की दिवसात २०० फूट. पण हाती येतो नुसता भुगा. कोअरला वेळ नि पैसा बराच लागतो. मात्र पेटीत मांडलेली दगडाची कांडी बघा: भेग कुठे, काळ्या दगडाच्या दोन थरांमधली लाल माती किती खोल, बोटाने दाखवता येतं. भेगेवर गंजाचा रंग म्हणजे तिथून पाणी खेळलंय.

धोका दोन्हीत एकच. केसिंगभोवती (बोअरमध्ये घातलेल्या पाइपाभोवती) सिमेंट भरलं नाही, तर वरची घाण आपणच खाली सोडतो. (गाडीवाले हे सांगत नाहीत.)

नुसते पाण्याचे नमुने नि पातळी हवी तर साधी बोअर. झिरपणं थांबवायला भेगा सिमेंटने बुजवायच्या तर आधी एक तरी कोअर.